मुदखेडची मालगाडी किल्लारीत

लग्न होऊन किल्लारीला आले तेव्हा माझ्या सामानात एक वस्तू अशी होती की तिचं काय करायचं ते सासरी कुणालाच कळेना. भांडी फळीवर गेली, साड्या कपाटात गेल्या, आणि हा काळा, चपटा, वहीपेक्षा थोडा मोठा डबा दोन दिवस बाजेवर उशीशेजारी पडून राहिला. त्यावर चार ओळींत रबराचे सोळा चौकोन. सासूबाईंनी एका चौकोनावर बोट दाबून पाहिलं. वीज जोडलेली नव्हती, त्यामुळे काही झालं नाही.

"ह्यात काय ठिवतेत?" त्यांनी विचारलं.

"आवाज," मी म्हणाले.

नवी सून चेष्टा करते की काय म्हणून त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "ठिव मग कुठं बी. आवाजाला कितीशी जागा लागती."

मी स्वभावानं भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. गॅस बंद केला की नाही ते मी दोनदा बघते, कुलूप तीनदा ओढून बघते, आणि फोन दोनदा वाजून बंद झाला की काही तरी वाईट झालं असंच धरून चालते. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस," असं माझे बाबा म्हणायचे, आणि वर चिडवायचे, "आपन तर ब्रह्मराक्षस मानत न्हाई. तूच मानून राहिलीस."

बाबा मुदखेडला रेल्वेत गँगमन होते. रूळ तपासत उन्हातान्हात चालायचं, आणि सुट्टीच्या दिवशी गायन पार्टी घेऊन बुद्ध-भीमगीतं गायची, हे त्यांचं आयुष्य. नांदेडपासून हदगावपर्यंत गावोगाव त्यांचे कार्यक्रम होत. मी नांदेडला कॉलेजात होते तेव्हा पार्टीतले ढोलकीवाले काका मुलाकडे पुण्याला निघाले. बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्याच सुमारास एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राचं सामान निघालं, त्यात हा डबा आमच्या घरी आला. आमच्याकडे असल्या सगळ्या यंत्रांना सरसकट 'पॅड' म्हणतात. माझ्या पॅडला दुकानात सॅम्पलर म्हणतात, पण तसं म्हटलं तर गावात कुणी वळून बघत नाही.

या यंत्राला स्वतःचं असं काही येत नाही. त्याला द्याल तो आवाज ते धरून ठेवतं आणि चौकोन दाबला की परत देतं. हवा तर खालच्या पट्टीत देतं, हवा तर तुकडे करून तालात फिरवत देतं. काका पुण्याला जायच्या आधी मी त्यांच्याकडून एकेक थाप वाजवून घेतली आणि आठ चौकोनांत बसवली. फोनवर बघून बघून शिकले. वर्षभरात बाबांच्या पार्टीत ढोलकीच्या जागी मी बसायला लागले. मुलगी वाजवते म्हणून लोक आधी बघायला यायचे आणि मग ऐकायला थांबायचे.

चौकोनाला सवय लावता येते, ही गोष्ट मला सगळ्यात आवडायची. एक सवय अशी, की दाबून धरलं तोवर वाजायचं आणि हात काढला की थांबायचं. दुसरी सवय, एकदा दाबलं की आपलं आपण पुरतं वाजून गप्प बसायचं. आणि तिसरी, संपलं की पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा पुन्हा, तोच चौकोन दाबून तुम्ही थांबवाल तोपर्यंत.

तेराव्या चौकोनात मालगाडी होती.

आमचं क्वार्टर रुळांना लागून होतं. मालगाडी यायची तेव्हा आधी फळीवरचे स्टीलचे डबे बोलायला लागायचे, मग लोखंडी कॉट, आणि मग गाडीचा आवाज. लहानपणी बाबा लाईनवर गेले की मला काही सुचायचं नाही. गाडी आली असताना ते बाजूला सरले असतील ना, याचाच घोर. मालगाडी क्वार्टरवरून सुरळीत निघून गेली की समजायचं, रूळ ठीक आहे, बाबा ठीक आहेत, आता डबा हलवत येतील. कॉट थरथरायची आणि मला झोप लागायची. घरात सगळ्यांना हे ठाऊक होतं. मला निजवायचं तर अंगाई नको, मालगाडी पाहिजे.

म्हणून एका सुट्टीत मी फोन कॉटच्या लोखंडाला टेकवून ठेवला आणि गाडीचा आवाज उतरवून घेतला. यंत्रात घालून तो खाली नेला, आणखी खाली नेला, इतका की तो कानाला कमी आणि अंगाला जास्त लागायचा. कार्यक्रम सुरू होताना, बाबा उठून उभे राहायच्या आधी, मी तेरावा चौकोन दाबायची. हदगावात पहिल्यांदा वाजवला तेव्हा पोरं आपापल्या पायांकडे बघून हसायला लागली आणि मग सगळा मंडप गप्प झाला. बाबा नंतर म्हणाले, "तुझ्या गाडीनं माझ्यापेक्षा जास्त टाळ्या घेतल्या." मला किती अभिमान वाटला ते काय सांगू.

ही मालगाडी घेऊन मी किल्लारीत सून म्हणून आले, आणि ते माझ्या ध्यानातही आलं नाही.

किल्लारीचं नवं गाव म्हणजे भूकंपानंतर बांधून दिलेली घरं. रुंद रस्ते, एकसारख्या ओळी. माझा नवरा आणि त्याची धाकटी बहीण दोघंही नंतरचे, या नव्या घरात वाढलेले. नवरा साखर कारखान्यावर कामाला. सासरे मी यायच्या आधीच वारले होते. लग्न ठरताना नवऱ्यानं मला एका वाक्यात सांगितलं होतं, "माझ्या आधी एक बहीन व्हती, चार वर्साची. ती जुन्या गावातच राहिली." मी पुढं काही विचारलं नाही. घरात तिचा फोटो नव्हता आणि तिचं नाव कुणी काढत नसे.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. आत्याबाई स्वयंपाकापुरत्या स्लॅबखाली जायच्या आणि काम झालं की उंबऱ्यावर येऊन बसायच्या. जेवण उंबऱ्यावर. झोप अंगणातल्या पत्र्याच्या शेडात, थंडी असो नाही तर पाऊस. स्वयंपाकघराच्या फळीवर एक तांब्या पालथा ठेवलेला, त्यावर पेला पालथा, त्यावर अजून एक छोटा पेला. मी दुसऱ्याच दिवशी ते उतरवून, घासून, शहाण्या सुनेसारखे रांगेत लावून ठेवले. आत्याबाईंनी ते पुन्हा एकावर एक रचले आणि हलत नाहीत ना ते वाकून बघितलं. नवरा हळूच म्हणाला, "त्याला हात नको लावू. ते पडलं की पळायचं असतंय."

पण आमचं जमलं, ते याच गोष्टीवर. मी कुलूप तीनदा ओढते हे त्यांनी एकदा पाहिलं. माझं मलाच हसू आलं, म्हणाले, "आत्याबाई, मी लई भित्री हाय." त्या म्हणाल्या, "बरं हाय की. भिनारं मानूस वाचतं." तेव्हापासून माझ्या चपला दाराशी, तोंड बाहेरच्या बाजूला करून, त्या स्वतः लावून ठेवायच्या. आयुष्यभर ज्या गोष्टीवरून सगळ्यांनी मला हसून घेतलं, तिला या घरात मान होता. नव्याचे नऊ दिवस सरले तरी तो तसाच राहिला. दुपारी मी कानाला हेडफोन लावून सराव करायची, बाहेर नुसती रबरावर बोटांची टपटप. आत्याबाई उंबऱ्यावरून बघत शेंगा फोडायच्या आणि म्हणायच्या, "बिनआवाजाचंच बडवतीस, बाई. तुझं आपलं बरं हाय." त्यांनी माझा एकही आवाज कधी ऐकला नव्हता.

वर्षभरानं नणंदेचं लग्न ठरलं.

"वहिनी," ती म्हणाली, "माझ्या एन्ट्रीला असं काही तरी वाजव की लोकांच्या अंगावर काटा आला पायजे. आन् कुनाला आधी सांगू नको."

मी तिला हेडफोनवर मालगाडी ऐकवली. तिनं डोळे मोठे केले. "हेच! हेच पायजे!" तिला तो आवाज कशाचा वाटला असेल? सिनेमाचा वाटला असेल. नवऱ्यालाही ऐकवला, तोही खूश. किल्लारीत ज्यांना तो आवाज ठाऊक होता ते कधी त्याबद्दल बोलत नव्हते, आणि आम्ही जे बोलत होतो त्या कुणालाच तो ठाऊक नव्हता.

लग्न गावातल्या समाजमंदिरात होतं. बाहेर मंडप होता, पण ऊन फार, म्हणून सगळी माणसं आत स्लॅबखाली दाटून बसलेली. साऊंडवाले लातूरहून आले होते. बेसचे दोन मोठे खोके त्यांनी फरशीवर भिंतीला टेकवून ठेवले. सासरच्या गावात पहिल्यांदाच वाजवणार म्हणून मी सकाळपासून चार वेळा सगळं तपासलं. वायरी तपासल्या, ढोलकीच्या थापा तपासल्या, टाळ्यांचा आवाज तपासला. वीज गेली तर यंत्र बंद पडू नये म्हणून आत नवे सेल घातले. तेरावा चौकोन तेवढा हेडफोनवरच तपासला, कारण नणंदेला गुपित ठेवायचं होतं. दारापासून स्टेजपर्यंत नवरा-नवरी हळूहळू येणार, तोवर माझे हात ढोलकीसाठी मोकळे हवेत, म्हणून मालगाडीला मी तिसरी सवय लावली. थांबवेपर्यंत वाजत राहा.

नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत दारात उभे राहिले. पुढे फुलं घेऊन मुली. मी तेरावा चौकोन दाबला आणि ढोलकी सुरू केली.

पहिले काही क्षण सगळं मनासारखं झालं. मग कोपऱ्यात जेवणासाठी रचून ठेवलेली स्टीलची ताटं वाजायला लागली. खिडकीच्या काचा वाजायला लागल्या. आणि मी पाहिलं, बायकांच्या बाजूला पुढं बसलेल्या म्हाताऱ्या एकदम उठल्या. सगळ्या, एकाच वेळी, कुणी सांगितल्यासारख्या. ओरडली कुणीच नाही. हेच मला अजून आठवतं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, वर छताकडे बघत होत्या. मग त्या धावल्या. पुरुषांतले म्हातारेही धावले. काठीशिवाय उठता न येणारे एक आजोबा काठी टाकून गेले. तरुण पोरांना वाटलं नाच सुरू झाला, त्यांनी शिट्ट्या मारल्या.

आत्याबाई नेहमीसारख्या दाराजवळ बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी पाहुण्यांपैकी एका बाईच्या मांडीवर तिची मुलगी होती, असेल तीन-चार वर्षांची, गुलाबी फ्रॉकातली. आत्याबाईंनी त्या मुलीला हिसकून काखेत घेतलं आणि उंबरा ओलांडून गेल्या.

मला कळलं. डोक्याला कळायच्या आधी हाताला कळलं असावं, कारण मी यंत्राचं थांबायचं बटण दाबलं. माझे हात थांबले तशी ढोलकी थांबली. मालगाडीची सवय वेगळी होती, ती थांबली नाही. आता ताल नव्हता, गाणं नव्हतं, नुसती ती गडगड उरली. मी तेरावा चौकोन दाबायला गेले आणि घाईत नववा दाबला गेला, त्यावर टाळ्या होत्या. त्या गडगडीवर टाळ्यांचा कडकडाट झाला. मी विजेची वायर उपटली. आत नवे सेल होते. वीज गेली तरी बंद पडू नये, अशी माझीच तजवीज होती. शेवटी लातूरच्या साऊंडवाल्यानं धावत येऊन सगळाच आवाज खाली ओढला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण तेव्हा म्हण वगैरे काही सुचलं नाही. मी बाहेर धावले.

रस्त्यापलीकडे सोयाबीन काढलेलं मोकळं रान होतं. आत्याबाई तिथं मधोमध उभ्या होत्या. पाय अनवाणी. मुलगी छातीशी घट्ट, तिच्या डोक्यावर पंजा पसरून धरलेला. मुलगी किंचाळत होती. तिची आई तिला ओढत होती आणि ओरडत होती, "सोडा माझ्या लेकीला! येड लागलंय का तुम्हाला?" आत्याबाई सोडत नव्हत्या. माझ्या नवऱ्यानं जाऊन त्यांची बोटं एकेक करून उकलली. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मुलीच्या तोंडाकडे नीट बघितलं. पदर सारखा केला आणि त्या आईला म्हणाल्या, "घ्या बाई तुमची."

विधी लावायला आलेले बौद्धाचार्य समजूतदार होते. ते म्हणाले, बाहेर मंडपातच घेऊ. उन्हात लग्न लागलं. नवरी रडत होती, पण लग्नात नवरीच्या रडण्याचं कारण कुणी विचारत नाही. मला कुणी एक शब्द बोललं नाही. कुणी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. आत्याबाई माझ्याशी अबोला धरून नव्हत्या. मीठ दे म्हणायच्या, ऊन फार हाय म्हणायच्या. पण लग्नाचं नाव काढत नव्हत्या. फळीवर तांब्या-पेल्याची एक रास होती तिथं आता दोन झाल्या. माझ्या चपला रोज दाराशी लागलेल्या असायच्या, तोंड बाहेर करून, आणि आता ते बघितलं की मला भीती वाटायची. त्या माझ्याकडे बघतात तेव्हा त्यांना तोच आवाज ऐकू येत असेल का? मी बांगड्या काढून ठेवल्या. कपबशी ठेवताना खाली फडकं ठेवायला लागले. माझ्या हातून कसलाही आवाज होऊ नये, एवढंच बघत मी घरभर फिरायची.

यंत्र गोणीत घालून माळ्यावर टाकलं. नवरा म्हणाला, "तुझा काय दोष? तुला कुठं माहीत व्हतं?" खरं होतं, पण त्यानं काही हलकं वाटेना. माहीत करून घेता आलं असतं. वर्षभर मी रोज तो तांब्या-पेला बघत होते. क्वार्टरच्या फळीवरचे डबे गाडीच्या आधी बोलायचे, हे मला जन्मापासून ठाऊक होतं. दोन्ही फळ्या डोळ्यासमोर होत्या आणि मी त्या एकमेकींशेजारी ठेवून बघितल्या नाहीत. वायरी मात्र चार वेळा तपासल्या.

दुपारी गल्लीतल्या म्हाताऱ्या यायच्या आणि शेडात आत्याबाईंजवळ बसायच्या. आधी कधी अशा यायच्या नाहीत. मी चहा घेऊन गेले की गप्प व्हायच्या. मला खात्री होती की माझ्याबद्दलच काही ठरतंय. मला माहेरी पाठवतील, असंसुद्धा मी मनात घेतलं. अशा वेळी माझं मन वाईटातलं वाईट शोधून आणतं, तेवढं काम ते चोख करतं.

तेवढ्यात बाबांचा फोन आला. "पुढल्या म्हैन्यात नांदेडला कार्यक्रम हाय. येशीन ना?"

मी म्हणाले, "बाबा, हात दुखून राहिला. जमणार नाही."

"कामून? काय झालं हाताला?"

"असंच. दुखतो."

बाबा म्हणाले, "बग. रविवारपर्यंत सांग. तू न्हाई म्हनलीस तर पार्टीच न्हाई, मंग नको म्हनून कळवतो मी त्यांला." फोन मी उंबऱ्याच्या आत उभी राहून घेतला होता. आत्याबाई बाहेर तूर पाखडत होत्या. सुपाचा आवाज मध्येच थांबला होता की काय, ते मी तेव्हा लक्षात घेतलं नाही.

मला जायचं होतं. खोटं कशाला बोलू, फार जायचं होतं. पण माळ्यावरची गोणी खाली काढायला हात धजत नव्हता. आणि आत्याबाईंना विचारणार कोणत्या तोंडानं?

शनिवारी दुपारी नवरा कारखान्यावर होता. मी भांडी घासत होते. उंबऱ्यावरून आत्याबाई म्हणाल्या, "ते डबं काढ."

"कोणतं?"

"आवाजाचं."

टाकून देणार, मला वाटलं. आणि खरं सांगते, टाकून दिलं तर सुटले, असंही वाटलं. गोणी खाली काढली. त्या म्हणाल्या, "हितं न्हाई. भाईर आन."

अंगणात लिंबाच्या सावलीत बाज होती, तिच्यावर मी यंत्र ठेवलं. आत्याबाई आत गेल्या आणि फळीवरून तांब्या आणि दोन पेले घेऊन आल्या. बाजेशेजारच्या दगडावर त्यांनी ते एकावर एक रचले. पुरते स्थिर होईपर्यंत हात जवळ धरून ठेवला. मग माझ्यासमोर बसल्या.

"लाव."

"आत्याबाई, नको."

"लाव म्हनते न्हवं."

"आधी माझं ऐका," मी म्हणाले, आणि मला रडू यायला लागलं. "ती मालगाडी हाय. मुदखेडची. आमच्या क्वार्टरवरून जायची ती. मी लहानपणी त्या आवाजात झोपायची." मग मी त्यांना सगळं सांगितलं. कॉट, फळीवरचे डबे, बाबांची वाट. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ह्यात तुला झोप यायची?"

"हो."

त्या कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. रागानं नाही.

"उसाचा ट्रक गेला तर कानातून कळतंय," त्या म्हणाल्या. "हे पायातून आलं. म्हनून उठले." मग लिंबाकडे बघत म्हणाल्या, "तवा बी मी उचलली व्हती तिला. लोकं म्हनतेत, हिनं पोरगी सोडून पळ काढला. मी सोडली न्हवती. शेजारीच निजली व्हती. अंधारात हात घातला, उचलली, छातीला धरली आन् भाईर आले. भाईर येऊन बगितलं तर नुसती तिच्या अंगावरची वाकळ. वाकळच उचलली व्हती मी. माघारी फिरले तवर घर बसलं व्हतं."

मी त्यांच्या जवळ सरकले.

"त्या दिशी, लग्नात, पोरगी व्हती हातात. दुसऱ्याची का असंना. गरम अंग. म्हनून सोडवंना." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "शेजारनी रोज येऊन इचारतेत, तुज्या सुनंनं ते मुद्दाम केलं का. मी म्हनलं, ती कुलूप तीन डाव वढती. ती कशाला कुनाला भिववंल."

म्हणजे शेडात ठरत होतं ते हे होतं. मला हुंदका आवरला नाही.

"रडू नको. मला एक सांग," त्या म्हणाल्या. "ते थांबत का न्हवतं?"

मी त्यांना चौकोनाच्या सवयी समजावून सांगितल्या. तिसरी लावली होती म्हणून ते चालूच राहिलं, हे सांगितलं. त्यांनी विचारलं, "आन् हात काढला की थांबंल, अशी बी हाय म्हनतीस?"

"हाय."

"ती लाव."

मी तेराव्या चौकोनाची सवय बदलली. दोनदा चुकले. हाताएवढा छोटा स्पीकर जोडला, ज्यानं पानही हललं नसतं. आत्याबाईंचं बोट धरून तेराव्या चौकोनावर ठेवलं. शेंगा फोडून, तूर पाखडून राठ झालेलं बोट. त्यांनी डोळे दगडावरच्या पेल्यांवर ठेवले आणि दाबलं.

बारीक गडगड झाली. त्यांनी विस्तवाला लागल्यासारखं बोट उचललं. आवाज थांबला.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. पुन्हा दाबलं, उचललं. थांबला. पुन्हा. प्रत्येक वेळी थोडं जास्त धरून. पेले हलले नाहीत. ओठ काही तरी पुटपुटत होते, मोजत होत्या की काय, मी विचारलं नाही. किती वेळा दाबलं असेल कोण जाणे. सावली बाजेवरून सरकून माझ्या पाठीवर ऊन आलं. मग एकदा त्यांनी दाबलं आणि सोडलंच नाही. मालगाडी जात राहिली, जात राहिली. त्यांच्या कपाळाला घाम आला होता. मलाच धीर धरवेना.

"आत्याबाई, सोडा आता."

"दम धर," त्या म्हणाल्या. "मी सोडंन तवा थांबंल ते."

आणि त्यांनी सोडलं.

मग त्यांनी गुडघ्यावर हात टेकून उठत तांब्या आणि पेले गोळा केले आणि आत गेल्या. ते पुन्हा फळीवर एकावर एक रचल्याचा आवाज मला अंगणात ऐकू आला. तिथूनच त्या म्हणाल्या, "बापाला फोन लाव. हात बरा झाला म्हनून सांग."